सात नंबरच्या टेबलाची रीडिंगं

"आता हे काय नवीन खूळ, बाई? मला बीकर घासायला सांगा, स्पिरिटचे दिवे भरायला सांगा, कुणी चक्कर येऊन पडलं तर तोंडावर पाणी मारायला सांगा. पण ही ब्लॉग का काय म्हणता ती भानगड या वयात माझ्या गळ्यात नका बांधू."

"भानगड नाही हो मावशी. वहीच आहे. फक्त सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर टांगलेली."

"मग भिंतीवरच टांगा की. खिळा मी ठोकते."

विज्ञानाच्या बाई हसल्या. शाळेत येऊन त्यांना जेमतेम चार महिने झालेले. वयानं मावशीच्या धाकट्या लेकीएवढ्या, पण चिवट अशा की पायात रुतलेला काटा परवडला. प्रयोगशाळेला लागून एक बोळकांडीसारखी खोली होती. तिथं बाटल्या, तिवया, तारेच्या जाळ्या आणि मावशी अशी शाळेची सगळी जुनी मालमत्ता राहायची. त्या खोलीत बाईंनी एक संगणक आणून ठेवला होता आणि मावशीला त्याच्यापुढं स्टुलावर बसवलं होतं.

"पोरं जर्नल कशी लिहितात ते तुम्हाला माहीत आहे. मागच्या वर्षीची वही घ्यायची नि उतरवायची. आता तसं नाही. टेबलावर रीडिंग घेतलं की तिथल्या तिथं शाळेच्या टॅबवर लिहायचं, थर्मामीटर आणि बीकरचा फोटो काढायचा, की गेलं ब्लॉगवर. जे दिसलं ते. मला पुस्तकातलं उत्तर नको."

मावशीच्या हातातलं फडकं थांबलं. पुस्तकातलं उत्तर म्हणजे तिची जहागीर होती.

शाळेत तिला सगळे 'रीडिंगमावशी' म्हणत. शिक्षण आठवीपर्यंतचं, पण बावीस वर्षं त्याच आठ टेबलांमधून फिरून प्रत्येक प्रयोगाचा आकडा तिला आपल्या लेकरांच्या वयासारखा पाठ झालेला. गरम पाणी थंड होण्याचा प्रयोग असला नि कुणाचं गणित हुकलं, की पोरगं हळूच तिच्याजवळ यायचं. मावशी इकडंतिकडं बघायची आणि ओठ न हलवता पुटपुटायची, "दहाव्या मिनिटाला अठ्ठावन्न. लिही नि पळ." तिच्या अठ्ठावन्नवर पास झालेली पोरं पुढं डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. रस्त्यात भेटली की वाकून नमस्कार करायची. याहून जास्त मान तिला आयुष्यात कुणी दिलेला नव्हता. निवृत्तीला सात महिने उरले होते, आणि तो मान तसाच झाकून-पाकून घरी न्यायचा एवढाच तिचा हिशेब होता.

पण संगणक तिला वाटला तेवढा वाकडा निघाला नाही. बाईंनी दाखवलं, की प्रत्येक नोंदीला लेबल लावता येतं. मावशीचे डोळे चमकले.

"लेबल? बाटलीला लावतो तसं?"

"तसंच. आणि एका बाटलीला हवी तेवढी. वर्ग, प्रयोगाचं नाव, हजेरी नंबर."

"हजेरी नंबर काय चाटायचाय? इथं फुटलं-तुटलं कळतं ते टेबलावरून. टेबल नंबर घाला."

बाईंनी मान डोलावली. "हे मला सुचलं नसतं हं, मावशी." झालं, स्वारी खूश. आठ टेबलांची आठ लेबलं तिनं एका बोटानं टकटक करत स्वतः तयार केली. ब्लॉगचा पासवर्ड बाईंकडं आणि तिच्याकडं, दोघींकडंच. नोंदी चुकीच्या जागी पडल्या तर जागेवर लावायच्या, हे काम मावशीचं. बाई तपासणार दर पंधरा दिवसांनी.

पहिल्या आठवड्यात नववीच्या एका तुकडीच्या नोंदी आल्या. जेवणाच्या सुट्टीत मावशी डबा उघडून त्या वाचत बसली. टेबल एक, दहावं मिनिट, सत्तावन्न. टेबल दोन, अठ्ठावन्न. तीन, एकोणसाठ. घास तोंडात ठेवून ती मान डोलवत होती. मग आलं टेबल सात. दहावं मिनिट, एकोणपन्नास.

तिनं घास गिळला. सातचं तसंच असतं. ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ती कामाला लागली तेव्हा इथं एक म्हातारे काका परिचर होते. खोकून खोकून वाकलेले. त्यांची नोकरी सहा महिन्यांनी संपायची होती. सगळी कपाटं, सगळ्या किल्ल्या दाखवून झाल्यावर ते सात नंबरच्या टेबलापाशी आले. टेबलाला हात न लावता, हातभर लांब उभं राहून म्हणाले, "इथं जे येतं ते लिहायचं नसतं. पोरांना आकडा आपण सांगायचा." का, म्हणून तिनं विचारलं. काका म्हणाले, "कुलूप दोनदा ओढून बघत जा." तिला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतंय. पण बावीस वर्षं तिनं तेच केलं. सातवर पाणी लवकर गार होतं, सातवर टांगलेला लंबक कुणी न हलवता हलतो, सातवरून खाली पडलेली वस्तू सापडत नाही. फुटतुटीच्या वहीत बाकीच्या टेबलांपुढं 'फुटले' असायचं. सातपुढं नेहमी 'हरवले'. काचेची बुचं, चिमटे, एकदा एका पोरीची अंगठी. मावशी वाकून शोधायचीच नाही. घरात एखादं माणूस तिरसट असतं, त्याच्या वाटेला आपण जात नाही, तसं.

म्हणून तिनं नेहमीचंच केलं. एकोणपन्नास पुसलं आणि अठ्ठावन्न केलं. डबा बंद केला, हात धुतले.

पुढच्या तुकडीत सातवर आले चव्वेचाळीस. तेही अठ्ठावन्न झालं. सात नोंदी तिनं अशा सरळ केल्या. आठव्या दिवशी चष्मेवाली आली.

चष्मेवाली म्हणजे नववीतली सगळ्यात किडमिडी पोरगी, आवाज मात्र लोखंडी तिवईवर चमचा आपटावा तसा. "मावशी, मी एकोणचाळीस लिहिलं होतं. ब्लॉगवर अठ्ठावन्न झालंय."

"यंत्र आहे बये. यंत्राला काय, आज एक नि उद्या एक."

"यंत्र सगळ्यांचं सोडून आमच्याच टेबलाचं खातं?"

"फार चोंबडी आहेस. एकोणचाळीस येतं का कधी? पाणी आधीच गार घेतलं असशील."

"तुम्हीच ओतलंत की ते." चष्मेवालीनं चष्मा वर सरकवला. "आणि खाली मी अजून दोन ओळी लिहिल्यात, त्या तरी आहेत ना?"

त्या ओळी मावशीनं वाचल्याच नव्हत्या. आकड्याखाली कोण काय लिहितं ते बघायची तिला सवय नव्हती. पोरगी गेल्यावर तिनं नोंद उघडली. खाली लिहिलेलं होतं: *नवव्या मिनिटाला पायांना गार लागायला लागतं, घोट्यापासून वर. पंखा बंद होता. पाण्यावर गोल गोल उठतात. टेबलाला कुणाचा हात नव्हता, आम्ही सगळ्यांनी हात वर केले होते.*

मावशीला ती पाच पोरं दिसली. टेबलाभोवती हात वर करून उभी, बीकरकडं बघत.

मग तिनं जे कधी केलं नव्हतं ते केलं. आपल्याच हातानं बनवलेल्या 'टेबल सात' या लेबलावर बोट दाबलं. सातच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक येऊन उभ्या राहिल्या. आकडे तिनं बदलले होते, पण फोटो तिला बदलता येत नव्हते. पहिल्या फोटोत बीकरमधलं पाणी शंभरच्या खुणेला दोन्हीकडं सारखं टेकलेलं. दुसऱ्यात डावीकडं जरा वर. तिसऱ्यात उजवीकडं नव्वदला उतरलेलं. शेवटच्या फोटोत, चष्मेवालीच्या, पाणी काचेच्या खुणांना असं तिरकं कापत होतं की कुणीतरी बीकर कलता धरलाय असं वाटावं. पण बीकर टेबलावर होता. पोरांचे हात फोटोत वर होते, बोटं दिसत होती.

पाणी कधी तिरकं होत नाही. एवढं आठवीपर्यंतच्या शिक्षणात होतं.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी पोरं गेली, चौकीदार फाटकाशी पेंगायला बसला. मावशीनं प्रयोगशाळेचं दार आतून लावलं. बाहेर लख्ख ऊन, खिडकीतून येऊन टेबलांवर पट्टे पडलेले. ती सातपाशी गेली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा गुडघ्यावर बसून खाली वाकली.

टेबलाच्या मागच्या पायाशी फरशी खचलेली होती. पाय आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर फट. फटीतून गार हवा येत होती. येत होती म्हणावं तर थांबायची, परत यायची. मावशीनं नाक जवळ नेलं. वास कसलाच नव्हता. ओल नाही, माती नाही, उंदीर नाही. नुसतं गार.

तिनं पदराला घाम पुसला आणि काचेचं एक बूच फटीत सोडलं. कान लावून मोजायला लागली. एक, दोन, तीन. अकरापर्यंत मोजलं. आवाज आला नाही. वीसपर्यंत मोजलं. मग तिला वाटलं, पुरे, आणि ती उठून दाराकडं निघाली. हात कडीवर गेला तेव्हा मागून, फरशीखालून, आवाज आला. टक्. काच पडल्याचा नव्हता तो. आतून कुणी बोटाच्या पेरानं वाजवावं तसा. एकदाच.

मावशीनं मागं पाहिलं नाही. कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं.

घरी नवरा उंबऱ्यात बसलेला. माणूस गवंडी. हात अजून खरबरीत, पण काम सोडून वर्षं झाली. एके काळी फरशी बसवावी तर त्यानं, असं नाव होतं. मग अचानक त्यानं फरशीकाम सोडलं आणि फक्त भिंती घ्यायला लागला. गुडघे दुखतात म्हणाला, तिनं मानलं. घराला फरशी करू म्हणून लेकींनी किती टुमणं लावलं, पण त्यानं ऐकलं नाही. जमीन चोपून-चापून तशीच ठेवली.

"शाळेतली फरशी तुम्हीच बसवली होती ना?" चपला काढता काढता तिनं विचारलं.

"होय."

"सात नंबरच्या खाली काय आहे?"

गवंड्यानं तिच्याकडं बघितलं नाही. अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "बशीएवढं भोक होतं."

"मग? भरलं नाही?"

"भरायला निघालो होतो. दोन पाट्या खडी टाकली. खडी पडल्याचा आवाज येईना. म्हटलं खोली तरी बघू. दोरीला ओळंब्याचं वजन बांधून सोडलं. दोरी संपली, दुसरी जोडली. ती संपली, तिसरी जोडली. मग वर ओढलं." त्यानं रिकामी मूठ उघडून दाखवली. "दोरी आली. ओळंबा नव्हता."

"तुटला असेल."

"तुटलेली दोरी मला कळते गं. गाठ सोडलेली होती. माझी गाठ, मी दातानं ओढून मारलेली. नीट, सावकाश सोडवलेली."

चुलीवरचं पाणी उकळून उतू गेलं तरी कुणी उठलं नाही.

"मुकादमाला सांगितलं. मुकादमानं तेव्हाच्या हेडमास्तरांना. ते म्हणाले, वर फरशी टाक, फरशीवर टेबल ठेवू, टेबलावर कोण नाचणार आहे? आणि तुझी बायको घरीच असते ना, म्हणाले. प्रयोगशाळेत एक जागा होतेय."

मावशी तिथंच जमिनीवर बसली. आपली नोकरी आपल्या चुणचुणीत स्वभावामुळं लागली, असं ती बावीस वर्षं जगाला सांगत आली होती. मुलाखतीत हेडमास्तरांना कसं फडाफडा उत्तर दिलं, ते तर लेकींना तोंडपाठ होतं.

"मला एका शब्दानं बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू गेली असतीस का कामाला? आणि गेली नसतीस तर खाल्लं काय असतं आपण? भिंती?"

तिनं उठून उरलेल्या पाण्यात चहा टाकला. सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. आठ टेबलं, चाळीस पोरं, बाहेरचे परीक्षक, सगळे त्याच फरशीवर. गप्प बसावं, तर रीडिंगमावशी मानानं निवृत्त होणार, गवंड्याचं नाव शाबूत. बोलावं, तर बावीस वर्षांचे खोटे आकडे आपल्याच तोंडानं ओकायचे, आणि नवऱ्याची अब्रूही त्यातच. चहा दोघांनी प्यायला. कप विसळताना तिला एवढंच कळत होतं, की चष्मेवालीचा नंबर सातवरच येतो.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी शाळेत गेली. संगणक लावला आणि फोटोतल्या थर्मामीटरवरून एक-एक करत सातही आकडे परत होते तसे केले. एकोणपन्नास. चव्वेचाळीस. एकोणचाळीस. बाई आल्या तेव्हा ती शेवटच्यावर होती.

"मावशी? हे तुम्ही काय करताय?"

"मी बदलले होते, बाई. आता परत लावते."

बाई उभ्याच राहिल्या. मावशीनं सगळं सांगितलं. काका, अठ्ठावन्न, फट, बूच, ओळंबा. नवऱ्याचंही सांगितलं, नाव न झाकता. बाईंचा चेहरा आधी भीतीनं नाही, रागानं पांढरा पडला.

"पोरांनी खरं लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी खरं लिहिलं होतं. आणि तुम्ही ते पुसलंत?"

"पुसलं."

"मी तुमच्यावर सोडलं होतं, मावशी."

"होय. आता शिव्या मागून घाला. आधी हे बघा." आणि तिनं 'टेबल सात' दाबलं.

बाई फोटो बघत गेल्या, वरून खाली, मग खालून वर. मग त्यांनी 'टेबल सहा' दाबलं. शेवटच्या फोटोत पाणी सातच्या बाजूला केसभर उतरलं होतं. 'टेबल आठ'. तिथलंही, दुसरीकडून. टेबल पाचचं अजून सरळ होतं.

बाईंनी बोलावलं म्हणून हेडसर आले, तेच कपाळाला आठ्या घालून. परीक्षक वाटेत होते. "मावशी, सात महिने राहिले तुमचे, गुण्यागोविंदानं काढा की! एक बीकर वाकडा दिसला म्हणून परीक्षा थांबवू? सात नंबर सोडून द्या, बाकीच्या टेबलांवर घ्या."

"सर, बाकीची टेबलं त्याच जमिनीवर आहेत."

"तुमचंच म्हणणं आहे ना, तुम्ही बावीस वर्षं खोटे आकडे सांगितले? मग आजचं खरं कशावरून?"

हा घाव बरोबर बसला. मावशीनं मान खाली घातली, पण किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून धरला. "माझं नका मानू. मी खोटारडीच. दारातून नुसतं बघा. आत पाऊल नका टाकू."

तिनं कुलूप काढलं. तिघं दारात उभे राहिले. सकाळचं ऊन होतं, पंखे बंद, खिडक्या बंद. आठ टेबलांवर शुक्रवारी तिनंच पाणी भरून मांडून ठेवलेले आठ बीकर. सात नंबरचं टेबल बाकीच्यांपेक्षा वीतभर बुटकं दिसत होतं. पाय मोडलेला नव्हता, काही फुटलं नव्हतं. चारही पाय फरशीत घोट्यापर्यंत गेलेले, चिखलात उभ्या राहिलेल्या जनावरासारखे. फरशीला तडा नव्हता.

"हे कधी..." हेडसरांनी विचारलं, आणि त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. कारण ते बघत असतानाच टेबल बोटभर आणखी खाली गेलं. आवाज झाला नाही. वरचा बीकर हललासुद्धा नाही. फक्त त्यातल्या पाण्यावर एक गोल उठला, कडेपर्यंत गेला, आणि दुसरा उठला. दारात तिघांच्याही घोट्यांना गार लागलं.

हेडसर दोन पावलं मागं सरकले. त्यांचा आवाज एकदम घरातल्या माणसाशी बोलावा तसा झाला. "मावशी, दार लावा. लावा आधी."

तिनं दार लावलं. या वेळी कुलूप ओढून बघायला तिचा हात धजेना, ते बाईंनी बघितलं.

परीक्षा सभागृहात घ्यायची ठरली. ते तळमजल्याच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि तिथल्या फरशीखाली कसलं भोक असल्याचं गवंड्यानं कधी सांगितलं नव्हतं. हेडसर इमारतवाल्यांना फोन लावत राहिले. जाता जाता म्हणाले, "लेखी द्यावं लागेल तुम्हाला, मावशी. सगळं. मिस्टरांचंही."

"देते," ती म्हणाली. "पण शुद्धलेखन तुम्ही तपासा."

बाई मात्र हसल्या नाहीत. बोळकांडीत येऊन त्यांनी ब्लॉगचा पासवर्ड बदलला, मावशीसमोरच, पण कळफलकावर हात आडवा धरून. मावशी तोंड फिरवून तिवया मोजत राहिली. तिला ते लागलं, आणि ते बरोबर आहे हेही कळलं.

वर्गांतली टेबलं आणून सभागृहात ओळीनं मांडली, नंबर खडूनं घातले, आणि पोरं रांगेनं आली. चष्मेवाली सगळ्यात पुढं. "मावशी, आमचं टेबल कुठंय?"

"खिडकीजवळ बस. सहाच्या शेजारी."

"इथं पाणी गार होईल का हो नीट?"

"मला काय विचारतेस? घड्याळ लाव नि बघ."

पोरगी तिच्या तोंडाकडं बघत राहिली. रीडिंगमावशीनं आकडा सांगितला नाही, असं शाळेत आजवर झालं नव्हतं. मागच्या रांगेतल्या दोघांनीही ते ऐकलं आणि एकमेकांना कोपर मारलं. दुपारपर्यंत सगळ्या शाळेला कळणार होतं.

मोठ्या पातेल्यातल्या पाण्याला आधण आलं होतं. परीक्षकांनी घड्याळ बघून मान हलवली. मावशीनं फडक्यानं पातेलं धरलं आणि पहिल्या टेबलापासून ओतायला सुरुवात केली. प्रत्येक बीकरमध्ये शंभरच्या खुणेपर्यंत, एक डोळा मिटून, काठाला नाक लावून, पाणी दोन्हीकडं सारखं टेकलंय ना ते बघत. पोरं घाई करत होती. तिनं घाई केली नाही.